नाशकात भाड्याने घर : कुठे, कितीला आणि कोणत्या करारावर?

नवी_नाशिककर

नमस्कार मंडळी. चिंचवडहून आम्ही नाशिकला यायचं ठरवलंय. नवऱ्याची बदली अंबड एमआयडीसीत झाली, माझं काम घरूनच चालतं, मुलगी तिसरीत आहे आणि सासूबाई सोबत असतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्ट असलेला किंवा तळमजल्याचा टू-बीएचके हवाय.

पुण्याच्या मानाने नाशिक स्वस्त, असं सगळेच सांगतात. पण जाहिराती बघून डोकं चालेनासं झालंय. एकट्या इंदिरानगरात टू-बीएचकेचं भाडं ११ हजारही दिसतं आणि २० हजारही. गंगापूर रोडला आणखी वर. एजंटला विचारलं तर म्हणतो, "ताई, कुंभमेळा येतोय, आता थांबलात तर मिळणार नाही." महिन्याला १५ हजारांच्या वर जायचं नाही, असं आमचं ठरलंय. आधी भाग कुठला पाहू? एजंटचं म्हणणं कितपत खरं? आणि भाड्याखेरीज आणखी काय काय द्यावं लागतं? इथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा. शाळा सुरू होण्याआधी सामान हलवायचंय.

सिडकोचा_जुना

ताई, आधी नोकरीचं ठिकाण नकाशावर ठेवा आणि मगच भाग निवडा. नाशिकमध्ये भाडं "चांगला भाग, वाईट भाग" एवढ्यावर ठरत नाही. प्रत्येक भागाची आपली गिऱ्हाइकं ठरलेली आहेत.

कॉलेज रोड, गंगापूर रोड, थत्ते नगर, सावरकर नगर इथे डॉक्टर, वकील, व्यापारी आणि एचपीटी, बीवायके, केटीएचएमच्या परिसरात राहायचंच आहे अशी मंडळी. तिथे टू-बीएचकेला १८ ते २५ हजार सहज सांगतात आणि मिळतातही. अंबडला कामाला जाणाऱ्याने तिथे राहायचं म्हणजे भाडंही जास्त आणि रोज गाव ओलांडायचं.

अंबडसाठी तुमचे भाग म्हणजे पाथर्डी फाटा, इंदिरानगर, राणेनगर, राजीवनगर आणि आमचं सिडको, म्हणजे कागदोपत्री नवीन नाशिक. सिडकोत त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, कामटवाडे या बाजूला ८ ते ११ हजारांत टू-बीएचके मिळतो. पण बरीच घरं रो-हाऊसच्या वरच्या मजल्यावर आहेत, जिना अरुंद, लिफ्टचा प्रश्नच येत नाही. रो-हाऊसचा तळमजला मिळाला तर सासूबाईंना छान पडेल. तसे तळमजले रिकामे कमी होतात आणि झाले की पाटी लागायच्या आत शेजारच्या नात्यागोत्यातच जातात. जाहिरातीत शोधू नका. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत विचारा. खरंच सांगतो, आमच्या गल्लीतली बहुतेक घरं गिरणीवरच्या बोलण्यातून भाड्याने गेली.

पाथर्डी फाट्याला नव्या इमारती पुष्कळ. लिफ्ट, पार्किंग, १२ ते १५ हजार. तुमच्या गरजेला तेच जमेल.

इंदिरानगरात ११ आणि २० दोन्ही दिसण्याचं कारण इमारतीचं वय. पंचवीस वर्षांपूर्वीची तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत आणि जिम असलेला नवा टॉवर एकाच रस्त्यावर समोरासमोर उभे आहेत. भागाचं नाव सारखं, घर निराळं.

नाशिकरोड_स्टेशनजवळ

अंबडवाल्यांसाठी नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. जेल रोड, दसक, उपनगर, बिटको ही बाजू ९ ते १३ हजारांत बसते. इथलं भाडं दोन गोष्टींनी ठरतं. एक म्हणजे स्टेशन. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारे पासधारक इथेच घर बघतात, कारण पहाटे शहरातून द्वारकामार्गे स्टेशन गाठणं रोजचं जमत नाही. दुसरी गोष्ट सरकारी पगार. सिक्युरिटी प्रेस, करन्सी नोट प्रेस, तोफखाना केंद्र, देवळाली कॅम्प हे सगळं याच अंगाला. केंद्राच्या हिशेबात नाशिक वाय वर्गात येतं आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २० टक्के मिळतो. पुणे एक्स वर्गात, तिथे ३० टक्के. बदलीवर आलेला माणूस भत्त्याच्या आत घर शोधतो आणि मालकालाही तो आकडा तोंडपाठ असतो.

घरमालक_राणेनगर

मी दुसऱ्या बाजूचा. माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, म्हणून मालकाचं गणित मांडतो.

समजा आज ४५ लाखांना टू-बीएचके घेतला आणि १३ हजारांनी दिला. वर्षाचे १ लाख ५६ हजार. त्यातून मेन्टेनन्सचे महिना दीड हजार म्हणजे १८ हजार गेले. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहतं, ते १३ हजार गेले. राहिले सव्वा लाख. मग घरपट्टी आणि रंगरंगोटी. म्हणजे गुंतवणुकीवर पावणेतीन टक्केसुद्धा पडत नाहीत. बँकेत ठेव ठेवली तर यापेक्षा जास्त मिळतं.

म्हणूनच नाशिकमध्ये भाडी एका मर्यादेपलीकडे चढत नाहीत. इथे मिळवता माणूस पाच-सात वर्षांत स्वतःचं घर घेतो. हप्ता आणि भाडं यांत फार अंतर पडलं की तो भाड्याने राहतो, भाडं वाढलं की हप्त्याकडे वळतो. नवीन इमारतींना घरपट्टी जास्त पडते हेही लक्षात घ्या. १ एप्रिल २०१८ नंतरच्या मिळकतींना महापालिकेने करयोग्य मूल्याचे (ज्यावरून घरपट्टी काढतात त्याचे) दर वाढवले, तेव्हा शहरात मोठा विरोध झाला होता. नव्या टॉवरचा मालक ती पट्टी भाड्यातच काढायला बघणार.

एजंट कुंभमेळ्याचं नाव घेतो तेव्हा त्याला एकच विचारा : याच इमारतीतला मागच्या महिन्यात गेलेला फ्लॅट कितीला गेला? जाहिरातीतला भाव सांगायचा असतो. खरा भाव वॉचमनला माहीत असतो.

नवी_नाशिककर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाथर्डी फाट्याला एक फ्लॅट आवडलाय. १३ हजार भाडं, ४० हजार अनामत, मेन्टेनन्स मालक भरणार, एजंटला एका महिन्याचं भाडं. एजंट म्हणतो, "११ महिन्यांचा करार आहे, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, रजिस्टर करायची गरज नाही." नाशिकमध्ये असंच चालतं का?

करारलेखनिक

चालतं, पण कायद्यात बसत नाही. हा गैरसमज इतका मुरलाय की सविस्तरच लिहितो.

११ महिन्यांची पळवाट नोंदणी कायद्यातून आली. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला तिथे नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर ११ महिन्यांची सवय लागली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची नुसती परवानगी) असो वा भाडेपट्टा, मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी, नोंदवलेला करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. नोटरीत नुकसान सगळ्यात जास्त मालकाचंच आहे आणि तरीही मालकच नोटरीचा आग्रह धरतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

खर्च बघा. तुमच्या आकड्यांवर ११ महिन्यांचं भाडं १,४३,०००. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं साधारण ३,६६७. एकूण १,४६,६६७. त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ३६७ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. सरकारजमा रक्कम एवढीच, बाकी दस्त हाताळणीचे किरकोळ पैसे आणि करून देणाऱ्याची मजुरी. घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक शहरात आहेत. सासूबाईंनाच काय, तुम्हालाही कचेरीची पायरी चढावी लागत नाही. आणि नोटरीला ५०० चा स्टॅम्प लागतोच आहे, मग वाचवलं काय?

नवऱ्याने जुन्या करप्रणालीत घरभाड्याची सवलत घ्यायची असेल, तर भाडं वर्षाला लाखाच्या वर जात असल्याने मालकाचा पॅनही लागेल. तो करारातच लिहून घ्या.

सातपूर_अशोकनगर

मी पंधरा वर्षं नोटरीवर राहतोय, कधी काही झालं नाही. मालक चांगला असला की कागद कशाला? उगाच नोंदणीचा आग्रह धरला तर मालक घरच देत नाही. नवीन आलेल्या कुटुंबाला एवढं घाबरवू नका.

करारलेखनिक

दादा, तुमचे मालक चांगले आहेत ही तुमची पुण्याई. पण माणूस चांगला असतानाच कागद करायचा असतो. मालक वारले आणि घर तिघा भावांच्या नावावर आलं की तुमची अनामत कुणाकडे मागणार?

गोदाकाठची

मालक नोंदणीला आणि जास्त मुदतीला एवढे का घाबरतात, हे कळायला जुन्या नाशकात यावं लागेल. माझं माहेर सराफ बाजाराच्या मागे. आमचा वाडा होता, त्यात आम्ही धरून सात बिऱ्हाडं. आजोबांनी चाळीसच्या दशकात ठेवलेली मंडळी. १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला, भाडं गोठलं, आणि पिढ्या बदलल्या तरी आकडा काही बदलला नाही. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाल्यावर जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येऊ लागली. पण ४० रुपयांवर ४ टक्के म्हणजे किती? एक रुपया साठ पैसे. त्यात छपराचं एक कौलही बदलत नाही.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीचं लाकूड कुजलं होतं. तिच्यावर पाय द्यायचा नाही हे आम्हा पोरांना चालायला शिकतानाच शिकवलेलं. ती बदलायला बाबांकडे पैसे नव्हते आणि भाडेकरू काका म्हणायचे, दुरुस्ती मालकाची. दोघांचंही म्हणणं खरं होतं. असे कितीतरी वाडे आज मोडकळीला आलेत. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक घरांना नोटिसा लावते, दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळते, आणि आत राहणारे ताबा जाईल म्हणून बाहेर पडत नाहीत.

त्या पिढीच्या मालकांची मुलं आता इंदिरानगरात, गंगापूर रोडला फ्लॅटची मालक आहेत. त्यांच्या मनात घर म्हणजे एकदा दिलं की गेलं. ११ महिन्यांवरचा हट्ट तिथून येतो. माझ्या भावाचाही हाच हट्ट होता.

करारलेखनिक

गोदाकाठची ताई, फार मोलाचं लिहिलंत. आणि हेच मालकांना सांगायला हवं, की ती भीती नव्या कायद्याने घालवलीये. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला आणि मुदत संपली, की कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो. मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूचे हक्क या लायसन्सधारकाला नाहीत. तेव्हा ११ महिनेच हवेत असं काही नाही. २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करा, वाढ आधीच लिहून टाका.

घरमालक_राणेनगर

मी ३३ महिन्यांचाच केलाय. दर ११ महिन्यांनी पाच टक्के वाढ. इथे रिवाज दहाचा आहे, पण भाडेकरू चांगला असेल तर पाच टक्क्यांत टिकवणं मला परवडतं. माणूस बदलला की रंगकाम, एजंट आणि एक रिकामा महिना, यात वाढवलेले सगळे पैसे जातात.

पंचवटी_हिरावाडी

कुंभमेळ्याबद्दल मी लिहिते, कारण झळ आमच्या बाजूला बसते. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी आहे, मुख्य अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, तपोवनात. २०१५ च्या पर्वण्यांना, २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला, आमच्या रस्त्यांवर बॅरिकेड होते आणि दूधवाल्यालाही वळसा घालून यावं लागलं. त्या दिवसांत पंचवटीत राहणाऱ्याने गाडी घराबाहेर काढायची आशा धरू नये.

पण अंबड-पाथर्डीच्या फ्लॅटचं मासिक भाडं यामुळे का वाढावं? यात्रेकरू पर्वणीला येतो, दोन-चार दिवस राहतो. त्याला रामकुंडापासून चालत जाता येईल अशी खोली हवी असते. खरी भीती वेगळीच आहे. पंचवटी, तपोवन, आडगाव नाका या भागांत एखादा मालक दोन महिने यात्रेकरूंना घर देण्यासाठी भाडेकरूला उठवू शकतो. म्हणून आमच्या बाजूला घर घेणाऱ्यांनी कराराची मुदत २०२७ च्या दिवाळीपलीकडे जाईल अशी ठेवावी आणि त्या काळात मालकाला नोटीस देऊन घर खाली करून घेता येणार नाही, असं लॉक-इन स्पष्ट लिहून घ्यावं.

आमच्याकडे अमृतधामला इंजिनिअरिंगची मुलं असतात, आडगावला मेडिकलची. जुलै ते सप्टेंबर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असतात तेव्हा एका खोलीत तीन कॉट टाकून माणशी भाडं घेतात आणि कुटुंबाला घर मिळत नाही. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये शोधा.

एकटी_राहते

एक वेगळाच मुद्दा. मी तिशीतली, नोकरी करणारी, एकटी. भाडं भरायची तयारी असून घर मिळत नाही. फोनवर सगळं ठरतं, मग "मिस्टर काय करतात?" आणि मग "सोसायटी परवानगी देत नाही." कुणी सांगेल का, सोसायटीला असा अधिकार असतो का?

करारलेखनिक

ताई, सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधीप्रमाणे सभासदाने भाडेकरू ठेवताना संस्थेला फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते; कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. "सोसायटी परवानगी देत नाही" असं म्हणतात तेव्हा बहुतेकदा मालकाचीच तयारी नसते. सोसायटीचं नाव फक्त पुढे केलेलं असतं.

भाडेकरू आहे म्हणून सोसायटी जादा पैसे घेते त्यालाही मर्यादा आहे. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ चा शासन आदेश आहे. मात्र नाशकात बऱ्याच इमारती सोसायटी नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत, त्यांना सोसायटीचे हे नियम लागत नाहीत. इमारत कोणत्या प्रकारची आहे ते आधी विचारा.

सिडकोचा_जुना

एकटी ताई, तुम्हाला घर हवं असेल तर कळवा. आमच्या शेजारच्या काकूंचा वरचा मजला रिकामा होणार आहे. त्यांना "मिस्टर काय करतात" हा प्रश्न पडत नाही, भाडं वेळेवर आलं की झालं.

गोदाकाठची

तळमजला बघणाऱ्यांनी पुराचं जरूर विचारावं. गोदावरीलाच नव्हे, नासर्डी आणि वालदेवीलाही पाणी चढतं. नवा रंग दिलेला असला की भिंतीवरून काही कळत नाही. शेजारच्या जुन्या माणसाला सरळ विचारा : २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? नाशिककर ही वर्षं विसरत नाहीत. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगाला पाणी लागलं यावरून तो तुम्हाला सगळा पूर सांगेल.

पाथर्डीफाटा_बी_विंग

मी तुमच्याच भागातला, म्हणून पाण्याचं सांगतो. नव्या इमारतींत नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी वेगळं असतं. घर बघायला सकाळी जा. स्वयंपाकघरातला नळ सोडा, मग बाथरूमचा. गिझरच्या नळाच्या तोंडाशी पांढरा खर जमलेला दिसला तर ते बोअरचं जड पाणी समजा. खाली उतरून टाकीचं झाकण उघडायला लावा आणि वॉचमनला विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात आणि त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये धरतात की वेगळे मागतात. तुमच्या मालकाने "मेन्टेनन्स माझा" म्हटलंय, पण टँकरचा वेगळा हिशेब निघाला तर तो कुणाचा हे करारात लिहा. आमच्या इमारतीत यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

पाइपचा गॅस आहे का तेही बघा, सासूबाईंना सिलिंडर हलवायला नको. बस हवी असेल तर सिटीलिंकचा थांबा चालत किती लांब आहे ते स्वतः चालून बघा, एजंटच्या "पाच मिनिटां"वर जाऊ नका.

नवी_नाशिककर

मालकांशी बोलले. नोंदणीला तयार झाले, २२ महिन्यांचा करार, वाढ पाच टक्के. नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा. आता शेवटचं विचारते. अनामत परत घेताना त्रास होऊ नये म्हणून काय लिहून घ्यावं? चिंचवडच्या घरमालकांनी रंगकामाच्या नावाखाली आमचे बरेच पैसे कापले होते.

करारलेखनिक

अनामत चेकने किंवा बँकेतून द्या, रक्कम आणि व्यवहार क्रमांक करारात येऊ द्या. पंखे, ट्यूब, गिझर, कपाटं, किल्ल्या यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. "चावी दिल्याच्या दिवशीच अनामत परत" हे वाक्य घाला. "हिशेब करून नंतर" असं लिहू देऊ नका. रंगकाम कापायचंच असेल तर किती, तो आकडा आजच ठरवा. नेहमीच्या वापराने होणारी झीज कापायची नाही, हेही लिहा. किल्ली घ्याल त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि वीजमीटरवरचा आकडा त्यात येऊ द्या, म्हणजे महावितरणचं मागचं बिल तुमच्या गळ्यात पडणार नाही.

आणि पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहिती मालकांनी भरली का, ते विचारून प्रत घ्या. मुलीच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागितला तर नोंदवलेल्या कराराची प्रतच उपयोगी पडेल.